सहा मोटारींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुतेक देवळांसाठी राखून ठेवलेला आहे. देऊळ पडावयास आले की गावकरी वर्गणी काढतात, कोणी विटा देतो, कोणी अंगमेहनत देतो, आणि पावसाळा लागण्यापूर्वी शिखराची डागडुजी उरकते. किंवा एखादा धनिक पुढे येतो, जुने सारे उतरवून संगमरवरी नवे बांधतो आणि दारावर आपल्या नावाची शिळा बसवतो. दोहोंनाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो. दुसऱ्या प्रकारात जीर्णाचा उद्धार झाला की उच्छेद, हा प्रश्न आपल्या पुराणवस्तुखात्याने फार पूर्वी विचारला होता. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली खात्यासाठी जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिचा सारा रोख जुने आहे तसे राखण्यावर होता, त्याला नव्याने घडवण्यावर नव्हता. हाच प्रश्न पुढे मोटारगाड्यांच्या बाबतीत, तोही कोर्टकचेऱ्या आणि संप घडवून, उभा राहील असे मात्र त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मोटार हा विषय आमच्यासारख्या कारकुनांच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे वाचक म्हणतील. आणि पुढे ज्या गाड्यांविषयी लिहावयाचे आहे त्यांच्याबाबत ते अक्षरशः खरे आहे. परंतु जुनी वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी की पैसे मोजून कसबी माणसांकडून ती नवीकोरी करून घ्यावी, हा प्रश्न ठरावीक पगारात घर चालवणाऱ्या माणसाला जितका परिचित आहे तितका तो श्रीमंतांना नसावा. म्हणूनच तो श्रीमंतांच्या गाड्यांत कसा सुटला, किंवा सुटला नाही, हे पाहण्याची उत्सुकता आम्हांस वाटते.

एत्तोरे बुगाटी हा जन्माने मिलानचा इटालियन. त्याने १९०९ साली अल्सास प्रांतातील मोल्सेम या गावी कारखाना काढला, तेव्हा तो मुलूख जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला, आणि बुगाटीची गाडी फ्रेंच म्हणून जगभर नावाजली. परमुलखात बिऱ्हाड थाटून तिथलेच नाव उजळणाऱ्या या गृहस्थाविषयी आमच्या वाचकांना थोडी अधिक आपुलकी वाटल्यास नवल नाही. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्याने राजेरजवाड्यांसाठी म्हणून एक प्रचंड गाडी बांधावयास घेतली आणि तिचे नावच 'रॉयल' ठेवले. एका ओळीत आठ सिलिंडर, पावणेतेरा लिटरांच्या आसपास इंजिन, वजन तीन टनांहून अधिक, पुढच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. हा हत्ती एत्तोरेचा दिवंगत भाऊ रेंब्रांट याच्या शिल्पावरून घेतलेला. पंचवीस गाड्या करण्याचा संकल्प होता. मध्येच जागतिक मंदी आली. गाड्या झाल्या सहा, विकल्या गेल्या तीन, आणि राजाच्या दारी त्यांतली एकही गेली नाही. पहिली आर्मां एस्देर या कपड्यांच्या व्यापाऱ्याने घेतली. आपण रात्री गाडी चालवणार नाही म्हणून त्याने तिला पुढचे दिवेच लावू दिले नाहीत. उरलेली इंजिने बुगाटीने आगगाडीच्या वेगवान डब्यांत बसवली, आणि कारखाना तगला तो या रेल्वेच्या कामावर. राजांनी नाकारलेले यंत्र उतारूंनी पोसले, असे म्हणावयास हरकत नाही.

एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. सहांपैकी जी पहिली, नमुन्यादाखल केलेली गाडी होती, ती पॅरिसहून अल्सासला परतताना खुद्द एत्तोरेला चालवता चालवता डुलकी लागल्यामुळे आपटली. मग तिच्यावर नवा साटा चढवण्यात आला. त्याआधीही तिचे साटे बदललेले होते. 'मूळची गाडी' हे शब्द पुढे जेव्हा जेव्हा कोणी उच्चारील, तेव्हा मूळ कोणते हे वाचकांनी विचारावे.

तिसाच्या दशकात विकल्या गेलेल्या तीन गाड्यांपैकी एक न्यूरेंबर्गच्या योसेफ फुक्स या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी १९३२ साली घेतली. तिचा उघडा साटा म्यूनिकच्या वाइनबर्गर या कारागिराने बांधला. रंग काळा आणि पिवळा. जर्मनीतले वारे फिरल्यावर डॉक्टरांनी देश सोडला. इटली, मग जपान, आणि १९३७ च्या सुमारास न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास झाला, आणि ही तीन टनांची गाडी त्यांच्या सामानाबरोबर फिरत राहिली. न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत मात्र घात झाला. गाडी बाहेर उभी, इंजिनात पाणी तसेच राहिलेले. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाच्या ओतकामाला तेवढे सोसत नाही. इंजिनाचा ठोकळा तडकला. बुगाटीने ज्याच्यासाठी राजांची वाट पाहिली ते यंत्र भंगाराच्या आवारात जाऊन पडले, आणि तेही अशा वेळी की युद्धामुळे भंगारातल्या लोखंडाला मोठी मागणी होती.

तेथून १९४३ साली ते उचलले चार्ल्स चेन यांनी. हे गृहस्थ ब्यूइक कंपनीचे मुख्य इंजिनियर. पुढे ते जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष झाले. गाडी त्यांनी फुक्स यांच्याकडे असतानाच हेरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्यांनी ती हाती घेतली आणि १९४७ साली ती रस्त्यावर आणली. पण कशी? मूळ इंजिनाला एक कार्ब्युरेटर होता, चेन यांनी नवी नळमांडणी करून चार बसवले. काळा-पिवळा रंग गेला, त्या जागी शिंपल्यासारखा मळकट पांढरा आला आणि हिरव्या रंगाची किनार व टप. म्हणजे वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने पाहिले तर या माणसाने अपराधच केला. पण चेन यांना ती काचेआड ठेवावयाची नव्हती, चालवावयाची होती. एका कार्ब्युरेटरवर एवढ्या लांब इंजिनाच्या दोन्ही टोकांच्या सिलिंडरांना सारखा श्वास मिळणे अवघड, हे त्यांच्यातल्या इंजिनियरला दिसत होते आणि ते पाहून स्वस्थ बसणे त्यांच्याच्याने झाले नसावे. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यांनी ती गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. जनरल मोटर्सच्या उपाध्यक्षाने फोर्डच्या घरी अहेर करावा, यातली गंमत त्या गावाने नक्कीच चाखली असेल.

चेन यांचे उदाहरण घरगुती दुरुस्तीचे म्हणून देताना एक आक्षेप आम्हांसच सुचतो. हा काही फावल्या वेळात पाना हाती घेणारा सामान्य गृहस्थ नव्हे. देशातल्या मोठ्या कारखान्याचे ज्ञान त्याच्या गाठीशी होते. आक्षेप खरा आहे. तरीही फरक उरतोच. कामाचा निर्णय मालकाचा, चूक मालकाची, आणि वापरही मालकाचा. बाहेरच्या कसबी माणसाला पैसे देऊन जेव्हा गाडी सोपवली जाते, तेव्हा त्याला एकच कसोटी सांगितली जाते की ती पहिल्या दिवसासारखी दिसली पाहिजे. मधल्या साऱ्या दिवसांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

बुगाटी कुटुंबाने आपल्याकडे उरलेल्या तीन गाड्या युद्धकाळात एर्मनोंव्हीलच्या घरी भिंत बांधून तिच्याआड दडवल्या, जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून. त्यांतल्या दोन १९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने विकत घेतल्या. त्या व्यवहारात दोन लाख फ्रँकांखेरीज दोन नवे रेफ्रिजरेटर दिल्याचे सांगतात, कारण युद्धोत्तर फ्रान्समध्ये ती वस्तू मिळत नव्हती. दोन लाख फ्रँक म्हणजे त्या वेळचे सहाशे डॉलरसुद्धा नव्हेत! पुढे यांतली एक गाडी रीनोच्या विल्यम हॅरा यांच्याकडे गेली. हे जुगारगृहांचे मालक. त्यांचा संग्रह एका काळी चौदाशेच्या घरात होता, आणि त्याला जोडून कारखाना होता, ग्रंथालय होते, मूळच्या रंगाची छटा आणि स्क्रूची डोकी शोधून काढणारे संशोधक होते. त्या कारखान्यातून निघणारी गाडी मूळ कारखान्यातून निघाली तेव्हाही इतकी नितळ नसेल, असे तिची स्तुती करणारेच म्हणत. आम्हांस ही स्तुती फारशी सुखावह वाटत नाही. १९७८ साली हॅरा वारले, संग्रह एका हॉटेल कंपनीकडे गेला आणि लिलाव पुकारले गेले. ती गाडी १९८६ साली पासष्ट लाख डॉलरांना गेली आणि थोड्याच काळात एक्क्याऐंशी लाखांना पुन्हा विकली गेली. कनिंगहॅम यांनी जवळ ठेवलेली दुसरी १९८७ साली लंडनच्या लिलावात पंचावन्न लाख पौंडांना गेली. एवढी रक्कम ज्या वस्तूत अडकली, तिच्या नटाला पाना लावण्याचे धाडस घरी कोण करील? पैशाने गाडी नवी झाली आणि त्याच पैशाने ती मालकाच्या हातातून काढून घेतली.

परंतु या सहा गाड्यांच्या इतिहासातला सर्वांत कडू घास अल्सासमध्येच शिजला. हान्स व फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे बंधू मुलूझ परिसरातले लोकरगिरण्यांचे मालक, नागरिकत्वाने स्विस. थोरल्या हान्सपेक्षा फ्रिट्झला गाड्यांचे वेड अधिक. १९६३ साली त्याने आपटून पुन्हा घडवलेली ती पहिली रॉयल मिळवली. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून जॉन शेक्सपिअर नावाच्या संग्राहकाकडच्या तीस बुगाटी एकगठ्ठा विकत घेतल्या. आगगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून त्या निघाल्या, आणि त्यांत तिसरी विकली गेलेली रॉयलही होती. मुलूझमधल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीत त्याने या साऱ्यांसाठी गुप्त कारखाना काढला. सुतार, गादीकाम करणारे, यंत्रकारागीर असे चाळीसेक लोक तेथे वर्षानुवर्षे राबत, आणि बाहेर एक शब्दही काढावयाचा नाही अशी त्यांच्यावर सक्ती होती. मोठाल्या दालनांत पॅरिसच्या एका प्रसिद्ध पुलावरच्या दिव्यांच्या बरहुकूम शेकडो दीपस्तंभ उभे राहिले. बंधूंनी हे सारे आपल्या आईच्या स्मरणार्थ योजले होते.

इकडे लोकरीचा धंदा बसत चालला होता. १९७६ साली कामगारांना काढणे सुरू झाले, संप झाला, आणि श्लुम्फ बंधू सरहद्द ओलांडून बाझेलला गेले. मार्च १९७७ मध्ये कामगार त्या बंद गिरणीत शिरले. आत काय असेल याची कुजबूज होती, पण दारे उघडल्यावर जे दिसले ते कुजबुजीच्या पलीकडचे होते. चारशेहून अधिक गाड्या, लाल खडीवर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला पॉलिश. आपल्या मजुरीची वाढ ज्या तिजोरीतून नाकारली गेली, ती कोठे रिकामी झाली हे त्या गिरणीकामगारांना एका क्षणात कळले असेल. त्यांनी ताबा घेतला, इमारतीला 'कामगारांचा कारखाना' असे नाव दिले आणि दोन वर्षे लोकांना ती दाखवली. पुढे सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारसा ठरवून देशाबाहेर जाण्यापासून व फुटण्यापासून वाचवले, आणि १९८२ च्या जुलैत तेथे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. त्याच वर्षी जानेवारीपासून मुंबईचे गिरणगाव संपावर होते. तेथल्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले हे वाचकांस ठाऊक आहे. संग्रहालय तर नव्हे.

या कामगारांनी संतापाच्या भरात एकच गाडी जाळली, आणि अशा आणखी सहाशे आहेत असे त्यांच्या पुढाऱ्याने सुनावले. जळाली ती बुगाटी नव्हती. ती होती दुरुस्ती न झालेली एक ऑस्टिन सेव्हन, म्हणजे त्या साऱ्या दरबारातली गरिबाची गाडी! आम्हांस या तपशिलाने फार दिवस स्वस्थ बसू दिले नाही. कारण घरच्या हातांनी जुन्या गाड्या जगवण्याचा जो खरा इतिहास आहे, तो रॉयलचा नव्हेच, तो या ऑस्टिन सेव्हनचा आहे.

ऑस्टिनने ही गाडी १९२२ ते १९३९ या काळात सुमारे दोन लाख नव्वद हजार इतकी काढली. इंजिन पाऊण लिटराहूनही कमी. दोन माणसांनी मिळून ते उचलून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवावे इतके हलके, आणि इंग्लंडमध्ये ते खरोखरच तसे ठेवले जाई. १९३४ साली तेथे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा 'व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब' स्थापन झाला तो बेताच्या ऐपतीच्या लोकांसाठी, आणि १९३९ साली खास ऑस्टिन सेव्हनवाल्यांचा निराळा क्लब निघाला. या मंडळींनी जे शास्त्र रचले ते कोणत्या विद्यापीठात शिकवले गेले नाही. गंजून बसलेला नट जोर लावून तोडू नये, वंगण आणि रॉकेल पाजून आठवडाभर वाट पाहावी. प्रत्येक भाग काढताना त्याला चिठ्ठी बांधावी, कारण सहा महिन्यांनी स्मरणशक्ती दगा देते. पत्र्याखालची ॲश लाकडाची चौकट कुजलेली असेल तर जुना तुकडा फेकू नये, नव्याचे माप त्यावरूनच घ्यावयाचे असते. काही कामे घरी होत नाहीत हेही त्यांनी लपवले नाही. बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतणे, दांडा घासून गोल करणे, निकेलचा मुलामा देणे ही कामे जाणत्याकडेच द्यावी लागतात. घरची दुरुस्ती स्वस्त असते म्हणतात, त्याचे कारण एवढेच की त्यात स्वतःच्या तासांचे बिल कोणी करीत नाही. ते केले असते तर बहुतेक ऑस्टिन सेव्हन आपल्या किमतीपेक्षा महाग ठरल्या असत्या.

मूळ म्हणजे काय हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे ल मांसची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली एका कंपनीने एक कोटी पौंडांना ठरवली आणि मग ही खरी नव्हेच म्हणून पैसे देण्यास नकार दिला. तिचे इंजिन, साटा, बराच सांगाडा वेळोवेळी बदलला होता, आणि १९३२ साली ब्रुकलंड्सच्या अपघातात चालकाचा बळीही गेला होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. भाग बदलले, पण गाडीच्या अस्तित्वात कोठे खंड पडला नाही, तिच्या जागी दुसरी गाडी आली नाही, म्हणून ती तीच, असा त्या निकालाचा आशय. कारकुनाच्या नजरेला हे ताबडतोब पटते. फाईलीतले कागद बदलतात, टिपणे वाढतात, वेष्टनही बदलते. क्रमांक चालू असेतोवर फाईल तीच असते.

जागतिक संघटनेनेही २०१२ साली तूरिन येथे याच विषयावर सनद स्वीकारली, आणि तिचा पाया घातला तो १९६४ च्या व्हेनिस सनदेवर, जी जुन्या इमारतींसाठी होती. म्हणजे मोटार अखेर देवळांच्या पंगतीला येऊन बसली. वयाच्या खुणा पुसू नयेत, वापराच्या काळात झालेले बदल हेही इतिहासाचाच भाग समजावे, असा तिचा कल. चेन यांचे चार कार्ब्युरेटर या दृष्टीने आता अपराध राहिले नाहीत, पुरावा झाले.

आपल्याकडे हा शौक संस्थानिकांच्या तबेल्यांतून बाहेर पडून शहरांत आला. दिल्लीत 'स्टेट्समन'ची जुन्या गाड्यांची फेरी १९६४ साली सुरू झाली. तिच्यात आम्हां सरकारी नोकरांची गाडीही भाग घेत आली आहे. ती म्हणजे चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा जॉन मॉरिस बंब, एके काळी निजामाच्या रेल्वेच्या सेवेत असलेला. महाराजांच्या रोल्स रॉइसांच्या रांगेत हा लाल बंब रेल्वेच्याच माणसांच्या हातून फिरताना पाहणे यातले समाधान परप्रांतात नोकरी केलेल्यालाच समजावे.

२०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, रोजच्या वापरास मनाई. त्यांतली आमची नजर जेथे अडखळली ती अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि सांगाडा, साटा किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. मसुदा करणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो. 'भरीव' हा शब्द कोणीतरी कोठेतरी घालावाच लागतो. पण ही कसोटी त्या सहा गाड्यांना लावून पाहिली तर पहिलीचा साटा मूळ नाही, एस्देरच्या गाडीवर १९३८ साली दुसराच साटा चढला, आणि डॉक्टर फुक्सांच्या गाडीचे इंजिन तर चेन यांनी सरळ बदलून श्वास घ्यावयास लावले. मुलूझच्या संग्रहालयाने १९९० साली एस्देरच्या त्या दिव्यांविना गाडीची हुबेहूब प्रतिकृती सुट्या भागांतून पुरी केली. सहांपैकी कित्येकींपेक्षा ती आपल्या मूळ रूपाशी अधिक इमानी आहे. डिअरबॉर्नला मात्र कोणी काळा-पिवळा रंग परत दिलेला नाही. चार्ल्स चेन यांनी रंगवली तशीच, मळकट पांढरी आणि हिरवी, ती तेथे उभी आहे.